सूपभर कोंडा

माझं नाव कोंडिबा. असलं नाव आता कुणी ठेवत नाही. माझा नातू ओंकार गारगोटीला कॉलेजात जातो, तिथं कुणी आज्जाचं नाव विचारलं तर तो "के. डी." असं सांगतो. हे मला कळलं तेव्हा मी बरेच दिवस त्याच्याशी बोललो नाही. नाव माझं आहे, ते कसं मिळालं हे त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना ते आखडून सांगायचा अधिकार त्याला कुणी दिला? शेवटी तोच आला समेट करायला, आणि आला तो हातात मोबाईल घेऊनच. म्हणाला, आज्जा, ऐका, दवाखान्यात जन्मलेली पोरं चुकून बदलतात, ती किती बदलत असतील? मग त्यानं वाचून दाखवलं, ह्या देशात काय झालं, त्या देशात काय झालं. सगळं वाचून झाल्यावर म्हणाला, पण खरा आकडा कुणालाच माहीत नाही. मी म्हटलं, कसा माहीत असेल? सापडली तेवढीच मोजली त्यांनी. न सापडलेली आपापल्या घरात भाकरी खात बसलीत. त्यावर तो हसला आणि जरा वेळानं हळूच म्हणाला, आता नुसत्या थुंकीवरून कळतं आज्जा, तुमची आणि डोंगरावरच्या केदारीआज्जाची थुंकी पाठवली की झालं. मी नको म्हटलं. तेव्हा पोरगं म्हणालं, "भ्यालासा काय?"

मला भ्यालास म्हणणाऱ्याला मी आजवर तसा सोडलेला नाही. पण नातवाला काय करणार? म्हणून हे लिहायला घेतलंय. शाळा मी तिसरीत सोडली. अक्षर मोठं येतं आणि ओळ खाली उतरत जाते, तरी सांगायचं ते सांगता येतं.

आमचं घर बिद्रीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. दोन म्हशी, बैलजोडी, थोडा ऊस. माझा बा गुळव्या होता, म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीतल्या रसाला ताव किती द्यायचा, ती कधी उतरवायची हे ठरवणारा माणूस. हंगाम सुरू झाला की आमचं घर सगळं गुऱ्हाळावरच असायचं. काहिलीखालच्या चुलवणात उसाची चिपाडं पडली की भस्सकन आवाज व्हायचा, रस उकळायला लागला की आधी बारीक कुजबुजल्यासारखा आणि मग घुमत घुमत मोठा आवाज निघायचा, आणि बा त्या आवाजाकडं कान देऊन उभा राहायचा, कुणी बोललं तर हात वर करायचा. आई दुपारची भाकरी घेऊन यायची. गरम काकवी, तिच्यात कुस्करलेली ज्वारीची भाकरी आणि वर म्हशीचं तूप, हे ज्यानं चुलवणाच्या उबेला बसून खाल्लं नाही त्याला मी जेवण काय ते सांगू शकत नाही. आता मला साखरेचा आजार आहे. डॉक्टरीणबाईंनी गूळ बंद केलाय. मी खातो.

बा गुऱ्हाळावर अनवाणीच असायचा. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं, अंगठ्याच्या शेजारची, एकमेकांना जुळलेली होती, मधे फट नव्हतीच. तशीच गंगूआत्याची. त्यांच्या बापाचीही तशीच होती म्हणे. आत्या सांगायची, ही आमच्या घराण्याची खूण. माझी बोटं सुटी होती. आणि डोळे घारे. आमच्या भावकीत घाऱ्या डोळ्यांचं माणूस सोडा, मांजरसुद्धा नव्हतं. पोरं मला घाऱ्या म्हणायची. मी मारामारी करायचो, जिंकायचोही.

गंगूआत्या म्हणजे बाची थोरली बहीण. नवऱ्यामागं आमच्याकडंच राहायला आलेली, आणि घर तिच्या आवाजावर चालायचं. तिचा आवाज ओढ्यापलीकडच्या रानात ऐकू जायचा. माझ्या जन्माची गोष्ट ही तिची आवडती गोष्ट. काहील तापेपर्यंत सगळ्यांना वेळ असायचा, तेव्हा कुणीतरी मुद्दाम विषय काढायचं आणि आत्या पदर खोचून सुरू करायची. माझ्या आधी आईला लेकरं झाली ती राहिली नाहीत. म्हणून माझ्या वेळेला बानं आईला बैलगाडीनं आणि मग एसटीनं कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं. मी झालो आणि आईला ताप चढला. ती शुद्धीत नव्हती. शेजारच्या खाटेवर जोतिबाच्या डोंगरावरची एक बाई बाळंत झाली होती, सगुणा नावाची. तिलाही मुलगाच. तिची आधीची सगळी लेकरं धडधाकट. आत्यानं ठरवलं की ह्या बाईचा पायगुण घ्यायचा. पहिल्यांदा तिनं सगुणाबाईकडं तिचं जुनं लुगडं मागितलं, मधोमध फाडलं, एका अर्ध्यात तिचं पोर गुंडाळलं आणि दुसऱ्या अर्ध्यात मला. सटवाई नशीब लिहायला आली की तिला दोघं सख्खे भाऊ वाटावेत, अशी आत्याची अक्कल. आईला दूध नव्हतं, तर सगुणाबाईनंच दोघांना पाजलं.

मग आत्यानं कोंडा मागून आणला. ही रीत आमच्याकडं जुनी आहे. ज्या घरात लेकरं जगत नाहीत त्या घरानं नवं लेकरू दुसरीच्या ओटीत टाकायचं आणि सूपभर कोंडा देऊन विकत घ्यायचं, म्हणजे ते आपलं राहत नाही, विकतचं होतं, आणि देवाच्या हिशेबातनं सुटतं. विकणारीनं डोळे मिटायचे. घेणारीनं पाठ फिरवून उभं राहायचं आणि पदर मागं धरायचा. आपल्या लेकरासाठी जीव तुटतोय हे वर कुणाला दिसता कामा नये. भर दुपारी, दवाखान्यातल्या बाया बघत असताना, आत्यानं मला सगुणाबाईच्या मांडीवर तिच्या पोराशेजारी ठेवलं, कोंडा ओतला आणि पाठ फिरवली. सगुणाबाईची सासू होती, डोळ्यांत मोतीबिंदू असलेली. तिनं मांडीवरचं एक पोर उचललं आणि आत्याच्या पदरात टाकलं. आत्यानं तोंड न बघता नेऊन ते आईच्या कुशीत ठेवलं, कारण रीत तशी. आणि माझं नाव कोंडिबा पडलं. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. त्यांना मी बोल लावत नाही. नर्सबाई बिचारी दुसरीकडं होती, आणि हे सगळं आम्ही आमच्या हातानं केलं.

आत्या ही गोष्ट सांगून झाली की सगळ्यांकडं जिंकल्यासारखी बघायची, आणि मी जगलो हाच तिचा पुरावा. एकदा मी, असेन सातआठ वर्षांचा, विचारलं, "आत्ते, पाठ फिरवलीस तर मीच हाय ते तुला कळलं कसं?" गुऱ्हाळावरची सगळी माणसं हसली. आत्यानंही पाठीत धपाटा घालून हसून घेतलं. आई हसली नाही. ती भाकरीचं फडकं घडी करत होती, ती घडी तिनं मोडली आणि परत घातली.

आता ह्या रीतीत आणखी एक कलम होतं. विकलेल्या पोरानं मिसरूड फुटेपर्यंत विकणारीच्या दारात जायचं नाही. फुटलं की आईनं त्याला घेऊन जायचं, तिची खणानारळानं ओटी भरायची आणि पोराला तिच्या पाया पडायला लावायचं. म्हणजे व्यवहार पुरा झाला. माझ्या ओठावर काळं दिसायला लागलं तसा आत्यानं धोशा लावला. माघात रविवारी लोक जोतिबाला पायी जातात, त्या खेट्याच्या एका रविवारी आम्ही चौघं, आई, बा, आत्या आणि मी, कोल्हापुरातनं पायी निघालो. खेट्याला अनवाणीच जायचं असतं. आईच्या डोक्यावर खण, नारळ आणि बानं स्वतः उतरवलेल्या गुळाची ढेप. वाटेत "चांगभलं"चा गजर आणि लोकांच्या अंगाखांद्यावर गुलाल. डोंगरावर एरवी इतकं वारं असतं की बायकांना पदर धरून चालावं लागतं. त्या दिवशी वारं पडलं होतं. उधळलेला गुलाल जिथं उडायचा तिथंच खाली बसत होता.

सगुणाबाईचं दुकान पायऱ्यांच्या बाजूला होतं. नारळ, खोबऱ्याच्या वाट्या, गुलाल, दवणा. तिचा नवरा माल आणायला खाली शहरात गेलेला. दारात माझ्याएवढा पोरगा पाण्याची बादली घेऊन उभा होता आणि येणाऱ्यांच्या धुळीच्या पायांवर पाणी घालत होता. आम्हाला बघून म्हणाला, "या पावणं, पाय पुढं करा." बानं पाय पुढं केला. पोरानं पाणी ओतलं. दोघांचे पाय त्या ओल्या दगडावर शेजारी शेजारी होते. धूळ धुवून गेली आणि बा खाली बघतच राहिला. मग मी बघितलं. त्या पोराच्या डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली होती.

थोड्या वेळानं बानं तोच पाय परत पुढं केला आणि म्हणाला, "आणि थोडं घाल बाळ." खरं तर पाय केव्हाच स्वच्छ झाला होता.

आत्यानं मात्र एकदम मोठ्यानं "अगं माय" म्हटलं, आणि त्या आवाजाला आतनं एक बाई बाहेर आली. घाऱ्या डोळ्यांची. माझ्याकडं बघून ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, आणि आत्याला म्हणाली, "तुमी त्या कोंडावाल्या न्हवं?"

आम्हा दोघा पोरांना बाहेर पायरीवर बसवलं आणि मोठी माणसं आत गेली. त्या पोराचं नाव केदारी. आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण आम्ही काही दुधखुळे नव्हतो. तो माझ्या डोळ्यांकडं बघत होता आणि मी त्याच्या पायाकडं. मग त्यानं विचारलं, "नाव काय तुझं?" मी सांगितलं. "कोंडिबा? गुरं खात्यात त्यो कोंडा?" मी म्हटलं, "तुला बैल जुपता येत्यात का?" तो म्हणाला, "तुला नारळ एका फटक्यात फुटतो का?" मी म्हटलं दोन फटक्यात फुटतो. तो म्हणाला, "मग ह्या दुकानात तुझं काय खरं न्हाय." हे तो चेष्टेत बोलला नव्हता. आमची परत अदलाबदल करतील ही मला भीती होती. त्यालाही तीच भीती होती. खाली बघून तो म्हणाला, "मला खाली न्हेलं तर मी पळून येणार." मी म्हटलं, "तुला न्हेतंय कोण?" आवाज मी चढा काढला होता, पण कुणाला नेतील आणि कुणाला ठेवतील हे मलाच ठाऊक नव्हतं. मला आमच्या म्हशीची आठवण आली. ती माझ्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नव्हती.

आतला आत्याचा आवाज सगळ्या पायऱ्यांना ऐकू येत होता. आपलं रगत हाय, आपल्या घरात पायजे, नाहीतर देवाला कौल लावू, देव सांगेल तसं. बा मधे एकदाच बोलला, मला कायबी विचारू नका, हिला विचारा. सगुणाबाई हळू बोलत होती, ते नंतर आईनं मला सांगितलं. ती म्हणाली होती, डोळे उघडले तेव्हा मांडीवरचं पोर जड लागलं. संशय तेव्हाच आला होता. पण तुम्हाला एकच होतं आणि तुम्ही तापात त्याला छातीशी धरलेलं. ते हातातनं काढून घ्यायचं आणि माझंच चुकलं असलं तर? दोघांना पाजलेलं मीच, मला दोघांचा वास सारखाच येत होता. म्हणून गप्प राहिलो.

मग आई बाहेर आली. ती केदारीसमोर पायरीवर बसली, त्याचा डावा पाय हातात घेतला आणि पदरानं पुसला. पायावरचं पाणी एव्हाना वाळलं होतं. जुळलेल्या बोटांवरनं तिनं अंगठा फिरवला, एकदा वर, एकदा खाली. केदारी पाय मागं घेत नव्हता आणि पुढंही देत नव्हता. आईनं विचारलं, "शाळंत जातोस?" तो म्हणाला, व्हय. "खाल्लंस का काय?" तो म्हणाला, व्हय. तिनं पाय खाली ठेवला. मी तिच्याकडं बघत होतो. ती माझ्याकडं अजिबात बघत नव्हती, आणि उन्हात बसून मला थंडी वाजत होती. आज इतकी वर्षं झाली, माझे सगळे लांबचे प्रवास, आजारपणं, लेकींची लग्नं झाली, पण तेवढी थंडी मला परत कधी वाजली नाही.

आई उठली आणि आत्याला म्हणाली, "वन्सं, कोंडा मागून आणा."

आत्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, अगं, ह्या वयात मी परक्या गावात दारोदार पदर पसरू? आई म्हणाली, "गेल्या टायमालाबी तुमीच मागून आणला हुता." आत्या गेली. तिला असं गुमान जाताना मी पहिल्यांदा बघितलं. सगुणाबाईनं सूप काढून दिलं. आत्या परत आली तेव्हा तिच्या पदरात कुठल्या कुठल्या घरचा कोंडा होता, गव्हाचा, ज्वारीचा, कुणाच्या शेळीच्या घमेल्यातला.

मग मला सगुणाबाईच्या मांडीवर बसवलं. मी तिच्यापेक्षा वीतभर उंच, माझे पाय उंबऱ्याबाहेर आलेले, आणि खेट्याला आलेले लोक जाता येता बघत होते. कुणीतरी विचारलं, काय हो, पोरगं लहान हाय व्हय? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. सगुणाबाईनं हात माझ्या पाठीवर ठेवला होता. आई समोर सूप घेऊन उभी राहिली. आत्या म्हणाली, "अगं पाठ फिरव की, रीत हाय."

आई म्हणाली, "न्हाय. पाठ फिरवून घेतला म्हणून ही येळ आली. तवा तुमी घेतला. आता मी घेतो. त्याच्या तोंडाकडं बघून घेतो."

आणि बघितलं. माझ्या तोंडाकडं, घाऱ्या डोळ्यांकडं सरळ बघत तिनं सगुणाबाईच्या पुढ्यातल्या पाटीत सूप उपडं केलं आणि माझ्या दंडाला धरून मला ओढून उभं केलं. इतक्या जोरात की दंड दोन दिवस दुखत होता.

ओंकारा, आता तुझी ती थुंकी. ती पाठवून मला काय कळणार आहे? जे कळायचं ते त्या दगडावर सगळ्यांना कळलं होतं, आईलाही. ते कळल्यावर तिनं मला घेतलं. तुझ्या तपासणीत हे कुठं येणार? पुढं दरवर्षी गुळाची पहिली ढेप डोंगरावर जायला लागली आणि तिकडनं दवणा आणि नारळ यायला लागले, ते अजून येतात. केदारीच्या लग्नात बा मांडवाच्या पहिल्या दिवसापासून राबला. आईला खांदा देताना केदारी माझ्या बरोबरीनं होता आणि कुणी विचारलं नाही हा कोण. आम्ही दोघं भेटलो की आजही तो मला नारळ फोडायला लावतो. दोन फटके लागतात.

पण त्या दिवसातलं एक राहिलं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला घेऊन आई निघायच्या तयारीत होती. तिनं ओटी भरली, मी पाया पडलो, झालं. तेवढ्यात सगुणाबाई म्हणाली, "आक्का, तुमचा तुमी घेतला. आता माझा मला इकत द्या की." आई थांबली. सगुणाबाईनं तोच कोंडा पाटीतनं परत सुपात भरला आणि केदारीला म्हणाली, "जा, आईच्या मांडीवर बस." केदारी आधी घुटमळला, मग बसला. आईनं दोन्ही हात त्याच्याभोवती घेतले. तिनं हनुवटी त्याच्या खांद्यावर ठेवली आणि रीतीप्रमाणं डोळे मिटले. विकणारीनं डोळे मिटायचेच असतात. बा पायरीवर तोंड फिरवून बसला.

सूपभर कोंडा ओतायला वेळ तो किती लागतो? आईनं तर एका झटक्यात ओतला होता. सगुणाबाई सूप घेऊन समोर बसली आणि चिमूटचिमूट सोडायला लागली. एक चिमूट सोडायची, थांबायची, दुसरी सोडायची. पायरीवरची माणसं येऊन गेली, दुसरी आली. ती तशीच सोडत होती. शेवटी आत्याला राहवलं नाही. म्हणाली, "अगं बाई, वत की एकदाचं. उनं कलली."

सगुणाबाईनं मान वर केली नाही. म्हणाली, "वारं हाय वन्सं. सांडंल."

डोंगरावर त्या दिवशी पान हलत नव्हतं.